क्लेम हॅस्केटची फेक

टॅनर्स लँडिंग, ओहायो
१२ ऑक्टोबर १९०९

प्रिय नेस्टा,

तू गाव सोडून गेलीस हे मला तुझ्या घरमालकिणीने सांगितलं. सख्ख्या भावाला बहिणीचा पत्ता परक्या बाईकडे मागावा लागला, आणि तिने तो देताना माझ्याकडे असं पाहिलं की विचारायची सोय नाही. विनिफ्रेड मावशीच्या शेजारच्या दोन खोल्या घेतल्यास म्हणे, शेड्स बेंडला, अगदी नदीच्या काठावर. सगळा जिल्हा सोडून तुला नदीच सापडली. पण तू माझं ऐकलंयस कधी!

रागावलीयस हे मला कळतं. मॅनेजर मॅकनल्टीने क्लेमचं, तुझ्या नवऱ्याचं, नाव आमच्या बेसबॉल संघाच्या यादीतून खोडलं, पुढे ‘संघ सोडून पळाला’ असं लिहिलं, आणि मी शेजारी उभा राहून नुसती टोपी चुरगाळत होतो. पण मी काय बोलायला हवं होतं, तूच सांग. त्याला शोधायला दोन दिवस नदीत गळ फिरवले, काही लागलं नाही. पलीकडच्या काठावरचा नावाडी शपथेवर सांगतो, त्या संध्याकाळी पांढऱ्या गणवेशातला एक माणूस रस्त्याने खालच्या अंगाला चालत गेला. माँटानातल्या कुठल्याशा संघाने क्लेमला बोलावलं होतं हे तर सगळ्यांनाच ठाऊक. मॅकनल्टी म्हणाला, “झालं! साहेब गेले पश्चिमेला. बायकोला सांगायलाही वेळ झाला नाही बघा.” सगळे हसले. मी हसलो नाही, एवढं तरी माझ्या खात्यावर लिही.

आणि बुडाला म्हणावं, तर मग त्या फेकीचं काय करायचं? सोबत वर्तमानपत्राचं कात्रण पाठवतोय. तू सामन्याला नव्हतीस म्हणून थोडक्यात लिहितो. मोसमाचा शेवटचा सामना, जिंकला तर विजेतेपदाचा झेंडा आपला. धुकं चार वाजल्यापासूनच नदीवरून वर चढत होतं. मी डाव्या मैदानात, आणि मधल्या मैदानात उभा क्लेम मला कमरेच्या वरच दिसत होता. चेंडू पाचव्या डावापासून एकच, तंबाखूने आणि ज्येष्ठमधाच्या थुंकीने काळा ठिक्कर पडलेला, त्यात सातव्या डावात तो प्रेक्षकांच्या कठड्याच्या खिळ्यावर आपटून शिवणीपाशी फाटला. चेंडू टाकणारा आमचा पिचर खूश, फाटका चेंडू हवा तसा वळतो म्हणून. दुसरा चेंडू मागायची आपल्याकडे पद्धत नाही हे समोरच्या संघातल्या पोर्ट मर्सरवाल्यांनाही माहीत, त्यामुळे तेही कुरकुरले नाहीत.

शेवटचा डाव. आपली एक धाव जास्त, एक गडी बाद, त्यांचा एक गडी पहिल्या बेसवर. आणि त्यांच्या फलंदाजाने तो काळा गोळा क्लेमच्या डोक्यावरून नदीकडे भिरकावला. क्लेम वळला, मैदानाच्या नदीकडच्या कडेला बांधलेल्या दोराखालून वाकला आणि धुक्यात गेला. पहिल्या बेसवरचा गडी तोवर सुसाट सुटलेला, तो बरोबरीची धाव काढणारच. आणि धुक्यातून फेक आली. थेट होमवर, जिथे धाव पुरी होते तिथे, एक टप्पासुद्धा न पडता, फलंदाजामागे बसलेल्या कॅचर डच हाइनमनच्या हातमोज्यात. गडी चार हात अलीकडे बाद. अशी फेक या मैदानावर कुणी पाहिली नव्हती, असं वर्तमानपत्रात आहे बघ. त्यानंतर तिसरा गडीही बाद झाला, डाव संपला आणि आपण जिंकलो. क्लेम नाही हे सगळ्यांना कपडे बदलताना कळलं.

मी त्याच्या मदतीसाठी मधल्या मैदानाकडे धावलो होतो खरा, पण धुक्यात शिरलो नाही. म्हणून मला जास्त माहीत नाही.

परत ये. मी एकटाच आहे आणि मला बटाटेही नीट उकडता येत नाहीत.

तुझा दादा,
एमरिस प्रॉसर


टॅनर्स लँडिंग
९ नोव्हेंबर १९०९

प्रिय नेस्टा,

महिन्याभराने उत्तर आलं तेही एका ओळीचं, आणि तीही सरकारी वकिलासारखी. ‘तो फेकताना तू डोळ्यांनी पाहिलास का?’

पाहिला. मागच्या पत्रात मी घाईत होतो. दोराच्या थोडं पलीकडे धुकं विरळ झालं होतं तिथे तो दिसला. डोक्यावर टोपी नव्हती. डावा पाय पुढे रोवला आणि त्याची नेहमीची ती पद्धत, कोपर आधी आणि हात मागून, तशी फेकली. पुरे? शपथ हवी असेल तर शपथ.

तुझ्या ओळीच्या खाली तू बारीक अक्षरात लिहिलंयस, ‘एवढी फेक करणारा माणूस उभा होता. उभा असलेला माणूस बुडत नाही.’ अगदी बरोबर. तेच म्हणतोय मी. पळून गेलेला नवरा आज ना उद्या परत येतो. लोक बोलतात ते बोलू देत.

क्लेम मला काय म्हणायचा आठवतं? तुझ्यासमोर, जेवताना. “काय मेव्हणे, तुमच्या खांद्याला हात आहे की ओला दोर? चेंडू पोहोचायच्या आधी पाहुणे जेवून जातील हो!” तू तोंडाला फडकं लावून हसायचीस. मीही हसायचो. चांगला माणूस होता, मी नाही म्हणत नाही. आता त्याच्या एका फेकीवर गावातल्या प्रत्येक दुकानात चर्चा चालते. न्हाव्याने तर कात्रण आरशाच्या कडेला लावलंय. दाढी करताना मला विचारतो, “तुमचा हात का हो नाही असा?” मानेवर वस्तरा असताना माणूस काय उत्तर देणार.

क्लेमचा कोट अजून कपडे बदलायच्या खोलीत त्याच्या खुंटीवर आहे. बूटही आहेत. थंडी पडली, कोट तुझ्याकडे पाठवून देऊ का, ते कळव.

तुझा दादा,
एमरिस


टॅनर्स लँडिंग
२१ डिसेंबर १९०९

प्रिय नेस्टा,

तुझी चिठ्ठी मिळाली. ‘कोट पाठवू नकोस. घेऊन गेला.’

कोण घेऊन गेला? मी ती वाचून तसाच मॅकनल्टीकडे गेलो, किल्ली मागितली आणि खोली उघडली. मोसम संपल्यापासून तिला कुलूप आहे आणि किल्ली मॅकनल्टीच्या कमरेला असते. खुंटीवर कोट नव्हता. बूटही नव्हते. खुंटीच्या खाली फरशीवर एवढंसं पाणी होतं, त्यात नदीचा गाळ. छत कोरडं होतं, मी स्टुलावर चढून पाहिलं.

मॅकनल्टी म्हणाला, “बघ! चोरून आला आणि कपडे घेऊन गेला, लाज वाटली असेल समोर यायची.” मला ते पटलं. पटवून घेतलं म्हण. तो तुझ्याकडे आला असेल तर तसं स्पष्ट लिही ना, बाई. मी मॅकनल्टीला सांगणार नाही.

विनिफ्रेड मावशीचं पत्र आलं होतं. ती लिहिते की तू दोन ताटं वाढतेस. चर्चमध्ये पाद्रीबाबांनी क्लेमच्या नावाने ‘दिवंगत’ असा शब्द काढला, तर तू बाकावरून उठून निघून गेलीस. कोरड्या, कडक थंडीच्या दिवशी तुझ्या पायरीवर ओली पावलं असतात, आणि ती आत जाणारीच असतात, असंही लिहिते. मावशीने आता चष्मा बदलायला हवा. पण ताटांचं खरं आहे का गं? दोन ताटांना माझी हरकत नाही. वाट बघणारी बाई वाढतेच. आपली आई खाणीतल्या अपघातानंतर बाबांचा जेवणाचा डबा आठवडाभर भरत होती. पण आठवडाभरच.

चिठ्ठीच्या मागच्या बाजूला तू विचारलंयस, ‘फेक होमपर्यंत सरळ गेली की एक टप्पा पडला, ते पुन्हा नीट लिही. त्याला आठवत नाही.’ मी ही ओळ बऱ्याचदा वाचली. ‘मला’ लिहायचं ते ‘त्याला’ लिहिलं असशील, पेन थंडीत सरकतं.

सरळ गेली. टप्पा नाही पडला.

मी हिवाळ्यात चिनीमातीच्या कारखान्यात भट्टीवर कामाला लागलोय. ऊब असते. घरी आलो की मात्र थंडी सुटत नाही.

तुझा दादा,
एमरिस


टॅनर्स लँडिंग
८ मे १९१०

प्रिय नेस्टा,

सामने सुरू झाले. मैदान तसंच आहे, फक्त दोर तीस पावलं अलीकडे घेतलाय, कारण काठ मागच्या पुरात पोखरला गेला होता आणि आता कुठे त्यांच्या ध्यानात आलं. क्लेमच्या जागी केंटकीचा डॅनर नावाचा एक पोरगेला माणूस घेतलाय. धावतो बरा, पण तोंडाचा फटकळ.

एक गोष्ट तुला सांगावी की नाही याचा विचार करत होतो. आपल्या फलंदाजीची पाळी आली की आम्ही हातमोजे मैदानातच टाकून येतो हे तू पाहिलंयस. कुणी ते उचलून आणत नाही, जो तो आपल्या जागी गवतावर टाकतो आणि परत गेला की तोच उचलतो. मागच्या मंगळवारी धुकं होतं. तिसऱ्या डावात आम्ही परत मैदानात गेलो, तर डॅनर मधूनच ओरडला, “ए प्रॉसर, हा कुणाचा?” त्याच्या हातमोज्यापासून दोन पावलांवर दुसरा हातमोजा होता. आम्ही नऊजण, मैदानात हातमोजे दहा.

ओला होता. चामडं फुगून उललं होतं. करंगळीच्या बाजूला निळ्या दोऱ्याने टाके घातलेले. ते टाके कुणी घातले ते तुला माहीत आहे, कारण घरात काळा दोरा संपला होता तेव्हा निळ्याने शिवलं म्हणून क्लेम तुला चिडवत होता.

डॅनरने तो पायाने दोराच्या पलीकडे ढकलला. पुढच्या डावात तिथे नव्हता.

शुक्रवारी पुन्हा धुकं. चौथ्या डावात नदीकडून काहीतरी आलं आणि दोराच्या अलीकडे गवतात पडलं. चेंडू. आमचा चेंडू त्या वेळी पिचरच्या हातात होता, सगळ्यांना दिसत होता. पंचाने खेळ थांबवला आणि मागे हात करून ओरडला, “कोण आहे तिकडे? माकडचाळे बंद करा!” डॅनरने तो चेंडू मला दाखवला. काळा, पिळून पाणी निघेल इतका ओला, शिवणीपाशी फाटलेला. मी म्हटलं, कुठल्यातरी टवाळाचं काम असेल. तो चेंडू मी खिशात घातला, पण घरी पोहोचेपर्यंत खिसा रिकामा झाला होता, नुसती ओल उरली होती.

तुझ्याकडे सगळं ठीक आहे ना?

एमरिस


टॅनर्स लँडिंग
१९ जून १९१०

प्रिय नेस्टा,

डॅनर केंटकीला परत गेला. जाताना मॅकनल्टीला म्हणाला, “माझ्या पाठीमागे कुणीतरी उभं राहून सराव करतंय, आणि मला ते आवडत नाही.” मॅकनल्टी त्याला भित्रा म्हणाला आणि मधल्या मैदानात मला उभं केलं. “तुझा मेहुणाच होता, तुझीच जागा आहे ती,” म्हणाला. मी हातमोजा उचलला आणि तिथे जाऊन उभा राहिलो.

सराव हा शब्द डॅनरचा, पण बरोबर आहे. प्रत्येक धुक्याच्या दिवशी एकच फेक येते. मे महिन्यात ती दोराशी पडत होती. मग माझ्या पायांपाशी. आता माझ्या डोक्यावरून जाते आणि दुसऱ्या बेसच्या जवळ पडते. दर खेपेला थोडी लांब, दर खेपेला थोडी सरळ. मागून चेंडू सुटताना कापड फडकल्याचा आवाज होतो, एवढा जवळ की मानेवर थेंब उडतात. मी एकदाही वळून पाहिलेलं नाही. प्रेक्षकांना आता हे माहीत झालंय, ते हसतात, टाळ्या वाजवतात. त्यांना वाटतं मॅकनल्टीने तिकिटं खपवायला काढलेली गंमत आहे. मॅकनल्टी त्यांना तसं वाटू देतो.

मावशी लिहिते की तू वाळून काडी झालीयस. कुणाकडे जात नाहीस, कुणाला आत घेत नाहीस. भिंतीला कान लावला तर तुझा एकटीचाच बोलण्याचा आवाज येतो, मध्ये थांबतेस, मग हसतेस, मग काहीतरी वाचून दाखवल्यासारखं बोलतेस. तिने खिडकीतून पाहिलं तर टेबलापाशी दुसरी खुर्ची मागे सरकवलेली होती, कुणी बसताना सरकवतो तशी. मावशी म्हणते, “पोरगीला आशेनं खाल्लं. कुणीतरी तिला एकदाचं सांगा की तो मेला.”

कुणीतरी म्हणजे कोण, हे मावशीला माहीत नाही. मला माहीत आहे.

एमरिस


टॅनर्स लँडिंग
३ जुलै १९१०

प्रिय नेस्टा,

काल ती फेक होमवर पोहोचली. एक टप्पासुद्धा न पडता. डचने हातमोजा पुढे केला आणि चेंडू त्यात बसला, आणि तो खुळा आनंदाने ओरडला, “क्लेम! अरे ही क्लेमची फेक! आला रे आपला क्लेम!” प्रेक्षक उभे राहिले. माझ्या पाठीमागे कुणीतरी मोठा श्वास सोडला, काम पुरं झाल्यावर माणूस सोडतो तसा. मी तिथेच गवतावर बसलो.

आता स्वच्छ लिहितो. तुझ्यासाठी लिहितोय असं म्हणणार होतो, पण निम्मं माझ्यासाठीही आहे. मला हे थांबायला हवंय.

ती फेक क्लेमची नव्हती. माझी होती.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट आम्ही घरी सांगत नाही. मधल्या मैदानातलं गवत मुद्दाम कापत नाहीत. दोरापाशी पाणी जायच्या नाल्यावर एक फळी होती, तिच्याखाली क्लेम आणि मी जास्तीचा चेंडू लपवून ठेवायचो. सामन्यातल्या चेंडूसारखा दिसावा म्हणून तंबाखूत मुरवलेला, काळा केलेला. खरा चेंडू लांब गेला की जो जवळ असेल त्याने फळीखालचा उचलून फेकायचा. त्या उन्हाळ्यात दोनदा केलं. याला इथे कुणी पाप मानत नाही, सापडलं तरच पाप.

त्या दिवशी चेंडू क्लेमच्या डोक्यावरून गेला आणि तो दोराखालून वाकून धुक्यात शिरला. त्याच्या मागे मीही गेलो. गेलो, नेस्टा. फळीपाशी पोहोचलो तेव्हा समोर माती सुटल्याचा आवाज झाला, मातीची गाडी रिकामी करतात तसा. मग पाण्याचा आवाज. मग काही नाही. माझ्या पायाशी फळी होती. मी विचार केला नाही असं लिहायला मला आवडेल. पण मी केला, आणि तो एवढाच केला, की क्लेम चढून वर येईपर्यंत त्यांची धाव निघून जाईल. फळी उचलली, चेंडू घेतला आणि फेकला. आयुष्यात माझा हात तसा कधी सुटला नव्हता आणि पुन्हा सुटणार नाही. आणि ती फेक नऊ महिने दुसऱ्याच्या नावावर ऐकली. याचासुद्धा मला राग यायचा, आता लपवून काय करू.

डचने ओरडून विचारलं, “क्लेम ठीक आहे ना रे?” चेंडू त्या बाजूने आला होता, म्हणजे क्लेम तिथे धडधाकट उभा आहे, असं सगळ्यांनी धरलं होतं. मी धुक्याच्या कडेला येऊन हात वर केला. ठीक आहे म्हणून. सांगितलं असतं तर जादा चेंडूचं कळलं असतं, तो गडी नाबाद झाला असता, झेंडा गेला असता. मला वाटलं एक गडी तर उरलाय, दोन मिनिटांत होईल.

त्यांच्या पुढच्या फलंदाजाने रेषेबाहेर अकरा फाउल मारले. अकरा वेळा चेंडू प्रेक्षकांत गेला, आणि तो एकच चेंडू, म्हणून अकरा वेळा सगळा खेळ थांबून राहिला, लोक बाकांखाली वाकून तो शोधतायत, परत फेकतायत, एकजण तर तो टोपीत लपवून मजा करत होता. बारा मिनिटं गेली. मी दोराच्या अलीकडे नदीकडे पाठ करून उभा होतो. मधे एकदा मागून पाण्यावर काहीतरी आपटल्यासारखा आवाज आला. मी पाठ फिरवली नाही. मग गडी बाद झाला आणि लोकांनी दिसेल त्या खेळाडूला खांद्यावर घेतलं, मलाही.

मी त्याला फेकताना पाहिलं नाही. टोपी, डावा पाय, कोपर, सगळं मी रचलं. उभा असलेला माणूस बुडत नाही, असं तू लिहिलं होतंस. फेकणारा माणूस बुडालाच नाही, नेस्टा, तो इथे बसून तुला पत्र लिहितोय. क्लेम बुडाला.

तेव्हा आता दुसरं ताट वाढू नकोस. काळे कपडे घाल आणि रड, मोकळी हो. त्याने तुला सोडलं नव्हतं, हे तरी तुझ्याजवळ राहू दे. मॅकनल्टीला मी उद्या सांगणार आहे, झेंडा जाऊ दे. मला क्षमा करशील असं मी धरून चाललेलो नाही.

तुझा दादा,
एमरिस


शेड्स बेंड
९ जुलै १९१०

एमरिस,

तुझं पत्र गुरुवारी दुपारी आलं. आम्ही जेवायला बसलो होतो. क्लेमने विचारलं, “कुणाचं गं?” मी म्हटलं, दादाचं. “वाच की मोठ्याने.”

तुझी सगळी पत्रं मी त्याला वाचूनच दाखवत आले. तो आला तेव्हा त्याला पाणी आठवत होतं, थंडी आठवत होती, काठाने चालत आल्याचं आठवत होतं. फेक आठवत नव्हती. रोज विचारायचा, “पण ती मीच फेकली ना?” मग मी तुझं नोव्हेंबरचं पत्र काढायची. डोक्यावर टोपी नव्हती, डावा पाय पुढे रोवला. एमरिसने डोळ्यांनी पाहिलं, हे ऐकलं की त्याला धीर यायचा आणि तो जेवायला लागायचा. धुकं पडलं की कोट घालून बाहेर पडायचा. फेकीसाठी हात परत बसवतोय म्हणायचा. कुठे जातोस हे मी विचारलं नाही. तो अंग कोरडं करत नाही हेही मी कधी बोलून दाखवलं नाही.

हे पत्र मी आधी मनात वाचायला हवं होतं. ‘माझी होती’ इथपर्यंत आले आणि थांबले. तो म्हणाला, “थांबू नकोस.” मी कागद घडी करायला लागले तर त्याने माझ्या मनगटावर हात ठेवला. मग शेवटपर्यंत वाचलं.

तो चिडला नाही. उजवा हात टेबलावर उताणा ठेवून बघत राहिला. म्हणाला, “तरीच.” नंतर थोडा हसलासुद्धा. “मेव्हण्यांचा हात चांगला निघाला की गं. मी उगाच चिडवायचो.” ताटातले बटाटे तसेच होते. मी म्हटलं, खोटं असेल, दादा पहिल्यापासून खोटारडा आहे, तू बस. तो म्हणाला, “नाही गं. हे खरं आहे. हे ऐकल्यावर मला पाण्याखालचं आठवलं.”

कोट काढून त्याने खुर्चीवर ठेवला. हा तरी तुला राहू दे म्हणाला. दाराशी जाऊन थांबला आणि मागे वळून विचारलं, “ती बारा मिनिटं. एमरिसने मला हाक मारली का?”

पत्र माझ्या हातातच होतं. मी दोन्ही पानं वरपासून खालपर्यंत पाहिली. ते त्यात कुठेच नव्हतं.

मी म्हटलं, “मारली. सारखा मारत होता.”

“मग मला ऐकू आली नसेल,” असं म्हणून तो गेला.

खरं काय ते मला लिहू नकोस.

नेस्टा